पैनगंगा : उगम, नावे आणि हद्द

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याला परराज्याची हद्द लागते ती उत्तरेला, आणि ती डोंगराने धरलेली आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे. तो ओलांडला की मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा सुरू होतो. जिल्ह्याच्या नकाशावर राज्यसीमा शोधणाऱ्याचे बोट तिथेच थांबते. पण महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यामधल्या सीमेचा एक लांब तुकडा जिच्या पात्रातून गेला आहे, ती पैनगंगाही याच जिल्ह्यातली. बुलढाणा तालुक्यात मढ गावाजवळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेत तिचा उगम आहे; तिथे बुधनेश्वराचे देऊळ आहे. मढहून निघालेले पाणी राज्याच्या हद्दीवर पोचते तेव्हा वाशीम, हिंगोली, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांची माती त्यात मिसळलेली असते.

उगमाकडच्या शेतकऱ्याच्या लेखी पैनगंगा म्हणजे विहिरीला पाणी राहील की नाही हे ठरवणारी नदी. खाली, आदिलाबादच्या समोर, तीच नदी ओलांडली की सरकार बदलते, भाषा बदलते, रेशनचे नियम बदलतात. या दोन टोकांमध्ये काय घडले, नदी हद्द कधी झाली, कोणी केली आणि कुठून कुठपर्यंत केली, याचा शोध हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातून हाती आलेली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. पैनगंगा सबंध लांबीभर हद्द कधीच नव्हती. ज्या भागात ती हद्द होती तिथेही तिच्या दोन्ही थड्यांवरची सत्ता बदलत गेली. आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही हद्द दोन्ही टोकांकडून आखडत आखडत मधल्या तुकड्यापुरती उरली आहे.

घाटावरचे पाणी

बुलढाण्यात जिल्ह्याची वाटणी सांगायला लोक दिशा वापरत नाहीत. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे तालुके. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. जुन्या कागदांत यांनाच बालाघाट आणि पयानघाट म्हटलेले आढळते. दोहोंच्या मध्ये अजिंठ्याच्या रांगेची धार आहे आणि तीच पाणलोटाची रेघ आहे.

या धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीबरोबर अरबी समुद्राला जातो. दक्षिणेकडचा पाऊस पैनगंगेत उतरतो, तिथून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांचे पाणी खडकपूर्णेत पडते आणि तेही गोदावरीलाच मिळते, पण पैनगंगेशी भेट न होता, मराठवाड्यातून. म्हणजे एकाच जिल्ह्यात पाण्याच्या तीन वाटा आहेत आणि त्यांतली सर्वांत दूरची, पूर्वेकडची वाट पैनगंगेची.

उगम समुद्रसपाटीपासून सुमारे ६८६ मीटर उंचीवर आहे. तिथून निघालेला लहानसा प्रवाह बुलढाणा-चिखली रस्त्यालगत येळगावच्या धरणात साठतो; बुलढाणा शहराची तहान याच धरणावर भागते. पुढे चिखली आणि मेहकर तालुके येतात. मेहकरच्या वरच्या अंगाला पेनटाकळीचे धरण आहे आणि खाली मेहकर हे जुने क्षेत्र. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती इथे १८८८ साली जमिनीतून निघाली. मेहकरनंतर नदी बुलढाणा सोडते, रिसोड तालुक्यातून वाशीम जिल्ह्यात शिरते आणि तिथून पुढे बहुतेक वाट कोणत्या ना कोणत्या दोन प्रदेशांच्या मधून काढते. आधी वाशीम आणि हिंगोली, मग यवतमाळ आणि हिंगोली, मग यवतमाळ आणि नांदेड, मग यवतमाळ आणि तेलंगणातला आदिलाबाद.

वाटेत तिला डावीकडून पूस, अरुणावती आणि अडाण मिळतात, उजवीकडून हिंगोलीची कयाधू. उमरखेड आणि किनवटच्या मध्ये सहस्रकुंडाला ती कातळावरून उडी घेते. पावसाळ्यात या धबधब्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही जिल्ह्यांचे लोक जमतात आणि मधला खळाळ त्यांची वेगळी गर्दी करून ठेवतो. माहूरच्या रेणुकेचा डोंगर हिच्याच वळणात आहे. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे हिच्या नांदेडकडच्या काठावर आहेत.

खडकाचा विचार केला तरी या नदीचे दोन भाग पडतात. वरचा सगळा प्रवास दख्खनच्या काळ्या कातळावरून, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावरून होतो. यवतमाळच्या दक्षिणेला आणि आदिलाबादकडे हा थर विरळ होतो आणि त्याखालचा कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. भूशास्त्रात या खडकांच्या गटाला पैनगंगेचेच नाव आहे. वणी, मुकुटबन, कोरपना, गडचांदूर या पट्ट्यातल्या चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने याच थरावर उभे आहेत, आणि शेजारीच वणी-घुग्घुसचा कोळसा आहे. हद्दीच्या तुकड्यात जमिनीखाली जे आहे त्याची किंमत मोठी असल्याने या भागातल्या सीमारेषेकडे कोणत्याच सरकारला दुर्लक्ष करून चालले नाही.

सुमारे पावणेसातशे किलोमीटरचा प्रवास करून वढा-जुगादच्या परिसरात पैनगंगा वर्धेला मिळते. तिचे खोरे २३,८९८ चौरस किलोमीटरचे. लांबीने ती वर्धेला हार जाणारी नाही, तरी संगमानंतर नाव वर्धेचेच चालते. पुढे वैनगंगा येऊन मिळाली की वर्धेचेही नाव संपते आणि प्रवाह प्राणहिता म्हणून सिरोंचाकडे जातो.

नावांचा गुंता

बुलढाण्यात 'गंगा' नावाच्या अनेक नद्या आहेत. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा आणि पैनगंगा या एकाच डोंगररांगेत उगम पावतात. तिघी उत्तरेला उतरतात, एकटी दक्षिणेला वळते. मराठवाड्यात गोदावरीलाच लोक गंगा म्हणतात, तेव्हा 'गंगा' हे इथे पवित्र नदीचे सामान्यनामच आहे. खरा प्रश्न आहे तो 'पैन' या अर्ध्याचा.

त्यावर निरनिराळ्या दिशांनी उत्तरे आली आहेत. मेहकरच्या क्षेत्रमाहात्म्यात या नदीला प्रणिता म्हटले आहे. मेहकरचे जुने नाव मेघंकर आणि तिथली नदी प्रणिता, अशी ती जोडी. प्रणीता म्हणजे यज्ञातले पाण्याचे पात्र, त्यामुळे माहात्म्यकाराला हे नाव सोयीचे होते. दुसरीकडे, पुराणांत आणि महाभारतात येणारी पयोष्णी कोणती, हा वाद आहे. काही अभ्यासकांनी ती पैनगंगा मानली, इतरांनी घाटाखालची पूर्णा किंवा थेट तापी. तिसरी दिशा गोंडीची. गोंडीत 'पेन' म्हणजे देव, आणि नदीच्या खालच्या टप्प्यात गोंड आणि कोलाम वस्ती दाट आहे. ही व्युत्पत्ती कानाला पटकन पटते. पण नाव उगमापासून संगमापर्यंत एकच आहे आणि उगम गोंड वस्तीपासून पुष्कळ दूर आहे, ही तिची अडचण. नदीला नाव उगमाकडच्यांनी दिले की संगमाकडच्यांनी, याचा निकाल लागल्याशिवाय हा वाद सुटायचा नाही.

या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो मेहकर तालुक्यातला पेनटाकळी हा साधा ग्रामनामाचा पुरावा. टाकळी नावाची गावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत. एकीला दुसरीपासून वेगळे करायला लोक पुढे काहीतरी लावतात. इथे त्यांनी नदी लावली, आणि लावताना 'गंगा' गाळून नुसते 'पेन' ठेवले. म्हणजे नदीचे मूळ नाव या भागात 'पेन' असे सुटे वापरले जात असणार आणि 'गंगा' ही मागाहून जोडलेली पदवी असणार, असा तर्क करायला इथे आधार मिळतो. 'पैन' की 'पेन' हा लेखनाचा घोळही त्यातूनच आलेला आहे. मराठीत सरकारी रूप 'पैनगंगा'. तेलंगणात 'पेनगंगा'. इंग्रजी कागदांत दोन्ही. अभयारण्याच्या नावात एक आणि धरणप्रकल्पाच्या नावात दुसरे. या पुस्तकात सर्वत्र 'पैनगंगा' हे रूप ठेवले आहे आणि गावांची नावे गावकरी लिहितात तशीच ठेवली आहेत.

आणखी तीन जोड्या वाचकाला पुन्हा पुन्हा अडखळवतील, म्हणून इथेच सांगून ठेवतो. पहिली, पैनगंगा आणि वैनगंगा. शाळेतल्या नकाशात अर्ध्या मुलांची इथे चूक होते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते आणि भंडारा-गडचिरोलीतून वाहते. तिचा आणि पैनगंगेच्या पाण्याचा मेळ होतो तो वर्धेच्या नावाखाली. दुसरी, प्रणिता आणि प्राणहिता. एक मेहकरच्या माहात्म्यातली आणि दुसरी सिरोंचाची. मध्ये सबंध पैनगंगा पसरलेली आहे. तेलुगू परंपरेत बारा वर्षांनी येणारे पुष्कर प्राणहितेचे असते, शेवटचे २०२२ साली झाले, आणि त्याचा मेहकरच्या प्रणितेशी काही संबंध नाही. तिसरी जोडी दोन पूर्णांची. बुलढाण्याच्या घाटाखालची पूर्णा तापीची, घाटावरची खडकपूर्णा गोदावरीची. जिल्ह्याच्या जुन्या कागदात नुसते 'पूर्णा' वाचले तर आधी तालुका पाहावा.

नदी हद्द कधी झाली

आज आपल्याला वाटते की विदर्भ पैनगंगेच्या उत्तरेला आणि मराठवाडा दक्षिणेला, ही वाटणी फार पुरातन असावी. तशी ती नाही. अकबराच्या काळात अबुल फजलने आईने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली, तिच्यात नर्नाळा, गाविलगड, मेहकर, बाशीम यांच्या जोडीला माहूर आणि पाथरीही आहेत. माहूर पैनगंगेच्या दक्षिणेला, पाथरी तर गोदावरीच्या खोऱ्यात. त्या काळी पैनगंगा वऱ्हाडाच्या आतली नदी होती, वऱ्हाडाची कड नव्हती.

नदीने हद्द आखण्याची रीत या भागात इंग्रजांच्या तहांनी रुळवली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला, आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. त्या वेळची रेघ वर्धा होती. पैनगंगेच्या दोन्ही थड्या आता निजामाच्याच झाल्या.

१८५३ मध्ये चित्र पालटले. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी वसूल करण्यासाठी डलहौसीच्या कारकिर्दीत निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली घेण्यात आला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, म्हणून त्याचे सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' झाले. १८७० साली लायलने संपादित केलेल्या गॅझेटियरचे शीर्षकही तेच. १८६० च्या दुसऱ्या तहात काही मुलूख निजामाला परत गेला, हद्दीची बांधणी नीट झाली आणि दक्षिणेची रेघ म्हणून पैनगंगा पक्की झाली. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाड कायमचा भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढल्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. कागदावर वऱ्हाड निजामाचा राहिलाच. १९३६ नंतर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत.

नव्वद-पंचाण्णव वर्षे ही नदी दोन राजवटींच्या मध्ये होती. उत्तरेच्या थडीवरचे लोक दक्षिणेकडे बोट दाखवून 'तिकडे मोगलाई' म्हणत. इकडे कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली सिक्का. तिकडे माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका. इकडची दप्तरे मराठीत, मोडी वळणाची, तिकडची उर्दूत. हा फरक आजही पुसलेला नाही. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीला मराठवाड्याच्या नोंदी तपासायला हैदराबादपर्यंत जावे लागले, त्याचे मूळ या रेघेत आहे. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी नदीच्या अलीकडे, भारताच्या हद्दीत उमरखेडला तळ केला तोही हद्द तिथे होती म्हणूनच.

हद्दीचे आखडणे

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तरी राज्याची सीमा जागेवर राहिली. ती हलली १ नोव्हेंबर १९५६ ला. भाषावार प्रांतरचनेत विदर्भ आणि मराठवाडा दोघेही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेचा वरचा हद्दीचा भाग एका रात्रीत जिल्ह्यांमधली सीमा झाला. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्याचेही भाषेच्या आधारे विभाजन झाले. नदीच्या दक्षिणेचा किनवट तालुका मराठी म्हणून नांदेडला मिळाला. राजुरा तालुकाही आधी नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला, जोडला गेला. आजचा कोरपना तालुका या जुन्या राजुऱ्यातला आहे, आणि तो पैनगंगेच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे संगमाआधीच्या शेवटच्या टप्प्यातही दोन्ही थड्या महाराष्ट्राच्या झाल्या. राहिला मधला तुकडा, यवतमाळ आणि आदिलाबादच्या मधला. १ मे १९६० ला उत्तरेकडचे राज्य महाराष्ट्र झाले, २ जून २०१४ ला दक्षिणेकडचे आंध्र प्रदेश जाऊन तेलंगणा आले. रेघ तीच राहिली, तिच्या दोन्ही बाजूंची नावे बदलली.

भाषेने आखलेली रेघ नदीवरून उतरून डोंगरात शिरली तिथे काय झाले, ते त्याच जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात दिसते. माणिकगडच्या डोंगराळ भागातल्या १४ गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, दोन्हींनी तिथे शाळा आणि योजना नेल्या, आणि गावकऱ्यांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आली. नदीवरच्या भागात असा जमिनीचा वाद उभा राहिला नाही. याचे श्रेय बरेचसे खडकाला आहे. यमुनेसारखी गाळाच्या मैदानातली नदी पात्र बदलते आणि गावेच्या गावे एका थडीवरून दुसरीवर टाकते. हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांना त्यासाठी १९७९ मध्ये संसदेचा स्वतंत्र कायदा करून स्थिर सीमा आखावी लागली. अमेरिका आणि मेक्सिको यांचा रिओ ग्रांदे नदीच्या सरकण्यावरून झालेला तंटा मिटायला १९६३ उजाडले. पैनगंगा कातळात आणि खोल काठांमध्ये वाहते, ती सहसा जागा सोडत नाही. म्हणून तिच्यावर भांडण झाले ते पाण्याचे.

हद्दीवर राहणाऱ्या माणसाला सरकारी रेघ जाणवते ती मात्र पाण्यापेक्षा कागदात. आदिलाबादच्या तांड्यावरचा लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतो आणि यवतमाळच्या तांड्यावरचा त्याचाच सोयरा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत. मुलगी नदीपार दिली की नातवंडांचा प्रवर्ग बदलतो. कापसाचेही तसेच. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याला कापूस सरकारलाच विकावा लागे. आदिलाबादचा भाव चढा असला की यवतमाळचा कापूस नदी उतरून तिकडे जाई, आणि तो अडवायला इकडे नाके बसत. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पाटणबोरीवरून आदिलाबादकडे जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला पुलावरून जाताना हे काही दिसत नाही. पलीकडच्या बेला आणि जैनद मंडलांत मराठी कानावर पडते तेव्हा हद्द मागे पडली की पुढे आहे, अशी शंका मात्र येते.

पाण्याची वाटणी

पाण्याचे करार हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे. इथे फक्त त्याची रूपरेषा देतो. १९७५ च्या आंतरराज्य करारांतून आणि १९८० च्या गोदावरी पाणीतंटा लवादाच्या निवाड्यातून पैनगंगेच्या वाटणीची चौकट ठरली. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण महाराष्ट्राच्या पोटात आहे. त्याची जागा यवतमाळच्या पुसद तालुक्यात, पण कालव्यांच्या लाभाचा मोठा हिस्सा हिंगोली आणि नांदेडकडे. त्यामुळे १९५६ साली राज्यसीमा म्हणून पुसलेली रेघ १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाल्यानंतर विदर्भ आणि मराठवाड्याच्या अनुशेषाच्या हिशेबात पुन्हा ठळक झाली. नदीच्या वरच्या टप्प्यात आज राज्यसीमा नाही, पण उन्हाळ्यात इसापूरचे पाणी कोणाला किती सोडायचे, हे ठरवताना ती असल्यासारखीच माणसे दोन्ही बाजूंना बसतात.

निम्न पैनगंगा हा खालचा, दोन्ही राज्यांचा प्रकल्प. त्यातला ८८ टक्के वाटा महाराष्ट्राचा आणि १२ टक्के पलीकडचा. बुडीत क्षेत्रातल्या गावांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्याच्याही खाली, हद्दीच्या ऐन तुकड्यावर, तेलंगणाने बंधारा बांधला. त्यासाठी २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन मुख्यमंत्र्यांनी, देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांनी, करार केला. त्यात मेडीगड्डा आणि तुम्मिडीहट्टी हे प्रकल्पही होते. या बंधाऱ्याचे नाव चनाखा-कोरटा. चनाखा यवतमाळच्या थडीवर, कोरटा आदिलाबादच्या. हद्दीच्या नदीवर बांधकाम करायचे तर नावातही दोन्ही काठ घ्यावे लागतात, हे करार लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

उगमाच्या जिल्ह्यात दुसरीच मोठी गोष्ट घडते आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य सरकारने मान्यता दिली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्यांनी बुलढाण्यापर्यंत आणायचे असा तो बेत आहे. नळगंगा घाटाखालची, म्हणजे तापीची. निसर्गाने अजिंठ्याच्या धारेवर जी वाटणी केली, पूर्वेचे पाणी पूर्वेला आणि पश्चिमेचे पश्चिमेला, ती या प्रकल्पात उलटी होणार आहे. पैनगंगेच्या पुढच्या शंभर वर्षांचा विचार करणाऱ्याला हा प्रकल्प बाजूला ठेवता येणार नाही, कारण प्राणहितेत पैनगंगेच्या पाण्याला येऊन मिळणारी वैनगंगाच त्यात वळवली जाते.

या पुस्तकाची मांडणी

नदीची पुस्तके साधारणपणे उगमापासून निघतात आणि संगमाला संपतात. राज्यसीमेची पुस्तके हद्दीपासून निघतात आणि उगमाकडे पाहतही नाहीत. मी पहिली रीत घेतली आहे, पण दुसऱ्या विषयासाठी. पहिल्या भागात बुलढाणा आणि मेहकर, दुसऱ्यात वाशीम-हिंगोली, तिसऱ्यात यवतमाळ-नांदेड, चौथ्यात आदिलाबादसमोरचा हद्दीचा तुकडा, पाचव्यात कोरपना ते वढा आणि पुढची प्राणहिता. प्रत्येक भागात आधी जमीन आणि पाणी, मग नावे, मग राजवटी आणि शेवटी आजचे कागद, असा क्रम ठेवला आहे. सगळे वाचायला वेळ नसेल त्याने निदान पहिला आणि चौथा भाग एकापाठोपाठ वाचावा.

नदीचे खोरे एकच आहे, याचा एक पुरावा जंगलखात्याने अनायासे दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या सी-१ या तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली होती. तो टिपेश्वरहून निघाला, तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला आणि भटकत भटकत वर्षाअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. शेकडो किलोमीटरच्या या प्रवासात त्याने खालच्या पैनगंगेच्या रानापासून तिच्या उगमाच्या डोंगरापर्यंतचा प्रदेश एका वर्षात जोडून दाखवला. वाघाला जाता येईल अशी वाट या खोऱ्यात अजून शिल्लक आहे, आणि पैनगंगा अभयारण्य नदीच्या दोन्ही काठांवर आहे, हे नियोजन करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेवटी या पुस्तकाचे मागणे. १८५३ पासून आजपर्यंत पैनगंगेवर जे तह, खंड, निवाडे आणि करार झाले ते सगळे समोरासमोरच्या दोन थड्यांमध्ये झाले. निजाम आणि इंग्रज, महाराष्ट्र आणि आंध्र, महाराष्ट्र आणि तेलंगणा. वरचा काठ आणि खालचा काठ यांच्यामधला करार या नदीवर झालेला नाही. चनाखा-कोरट्याला पाणी किती येईल हे येळगाव, पेनटाकळी आणि इसापूर इथे किती अडवले जाते, मढच्या आणि चिखलीच्या शिवारात किती जिरवले जाते, आणि दोन्ही राज्यांच्या रेतीघाटांवर पात्र किती उपसले जाते, यावर ठरते. यापुढचा करार लिहिताना मसुद्याच्या पहिल्या कलमात हद्दीऐवजी खोरे असावे आणि पक्षकारांच्या यादीत उगमाच्या जिल्ह्यालाही जागा असावी. हे मागणे वाजवी आहे की नाही, ते ठरवण्यासाठी लागणारा पुरावा पुढच्या पाच भागांत आहे.